फळा बदलला, टाचण कधी बदलणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळेत टॅब आले, वर्गात स्मार्ट बोर्ड बसला, अशा बातम्या तुमच्या पेपरात मी नेहमी वाचते. सोबत फोटो असतो, मुलं स्क्रीनला हात लावून उभी असतात, खूश दिसतात, बघून बरं वाटतं. पण दर वेळी मनात येतं की त्याच स्क्रीनवर दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला काय शिकवलं, ते कोणी ठरवलं, कसं ठरवलं, आणि ते ठरवायला त्या बाईंना किंवा सरांना वेळ कधी मिळाला. ह्याबद्दल कुठेच काही छापून येत नाही. म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय थोडं, पण विषय चार ओळीत मावणारा नाही.

मी बरीच वर्षं सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. टेक्नॉलॉजीच्या विरोधात मी अजिबात नाही, काही गोष्टी तर मला तिच्याशिवाय नीट शिकवताच येणार नाहीत. पण माझं एकच म्हणणं आहे की आधी पाठ लिहून झाला पाहिजे आणि मग त्यात मशीन कुठे बसतं, किती मिनिटं बसतं, बसतं का तरी, हे बघायला पाहिजे. आत्ता होतंय उलटं. मशीन आधी येतं आणि मग त्याच्यासाठी पाठ शोधायची धावपळ सुरू होते.

माझ्याच वर्गातली गोष्ट सांगते. विद्युत परिपथ, म्हणजे इलेक्ट्रिक सर्किट, हा घटक. पहिल्या वर्षी मी एक ॲनिमेशन लावलं, छान रंगीत होतं, आवाज स्पष्ट, मागे म्युझिक, पस्तीस मिनिटं मुलं अगदी शांत बसली आणि मला वाटलं की आज तास जमला. दुसऱ्या दिवशी दोघादोघांना एक सेल, एक छोटा बल्ब आणि वायरचे दोन तुकडे दिले आणि म्हटलं लावा दिवा. निम्म्याहून जास्त मुलांनी सेलच्या एका टोकाला एकच वायर लावली, तिचं दुसरं टोक बल्बच्या बुडाला टेकवलं आणि वाट बघत बसली. काहींनी दोन्ही वायरी घेतल्या पण दोन्ही बुडाच्या त्या एकाच ठिपक्याला लावल्या. बल्बला दोन जागी जोडायचं असतं, एक बुडाला आणि एक बाजूच्या आटे असलेल्या पत्र्याला, हे कोणाला माहीतच नव्हतं, कारण ॲनिमेशनमध्ये बल्ब म्हणजे एक गोल आणि त्याला सरळ दोन पाय काढलेले होते. मुलांचं काहीच चुकलं नव्हतं. मी त्यांना जे दाखवलं तेच त्यांनी पाहिलं होतं.

मग पुढच्या वर्षी मी टाचण, म्हणजे तासाला काय आणि कसं शिकवायचं ते आधी लिहून ठेवायची नोंद, उलटीकडून लिहिलं. म्हणजे आधी शेवट लिहिला. ह्या दोन तासांनंतर मुलाला काय करता आलं पाहिजे? तर कागदावर परिपथ काढता आला पाहिजे, खरा दिवा लावता आला पाहिजे, आणि नाही लागला तर कुठे तुटलंय ते शोधता आलं पाहिजे. बरं, हे त्याला येतंय हे मला कसं कळणार? तर चार चित्रं द्यायची, कुठला बल्ब लागेल आणि कुठला नाही, आणि का, हे दोन वाक्यात लिहायला सांगायचं. हे सगळं लिहून झाल्यावर तिसरा प्रश्न, की इथपर्यंत पोचायला काय काय लागेल. तेव्हा लक्षात आलं की सुरुवात खऱ्या वस्तूंनीच करायला पाहिजे, आणि त्याआधी प्रत्येकाने वहीत आपला अंदाज काढायचा, मग लावून बघायचं. आणि सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर स्वतः करून बघायचा आभासी प्रयोग, त्याच्यानंतर.

सिम्युलेशनची गरज होती का? होती, आणि चांगलीच होती. मुलांचा दुसरा एक पक्का समज असतो की विजेचा प्रवाह बल्बमध्ये खर्च होतो, म्हणजे जाताना भरपूर जातो आणि परत येताना कमी येतो. खऱ्या वायरकडे कितीही बघा, आत काय चाललंय ते दिसत नाही. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन ह्या नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये फेट नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यात परिपथ जोडायचं एक फुकट सिम्युलेशन आहे. त्यात इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, आणि बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे ते सारख्याच वेगाने सरकतात हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. त्याच ओळीत दुसरा बल्ब जोडला की दोन्ही मंद होतात आणि अख्ख्या वाटेवरचे इलेक्ट्रॉन हळू होतात. हे मी खडूने जन्मात दाखवू शकले नसते. पण त्याच सिम्युलेशनमध्ये वायर कधी सैल होत नाही, टोकाला गंज चढत नाही, सेल हातात गरम होत नाही, म्हणून ते एकटं पुरत नाही. माझ्या टाचणात त्याला बारा मिनिटं मिळाली, दुसऱ्या तासाच्या मधोमध, आणि तेराव्या मिनिटाला काय विचारायचं ते पण लिहून ठेवलेलं होतं. त्या वर्षी चार चित्रांची उत्तरं बघताना मला जे समाधान मिळालं ते आधीच्या वर्षीच्या शांत वर्गात मिळालं नव्हतं.

ह्या चुका नवीन नाहीत. एडिसनने १९१३ मध्ये सांगितलं होतं की शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, चित्रपटातून सगळं शिकवता येईल आणि दहा वर्षांत शाळांची पद्धत पूर्ण बदलेल. नंतर रेडिओबद्दल तसंच बोललं गेलं, मग टीव्हीबद्दल, १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ स्किनर ह्यांच्या शिकवणाऱ्या यंत्रांबद्दल, मग कॉम्प्युटरबद्दल. १९८३ मध्ये शिक्षणाचे अभ्यासक रिचर्ड क्लार्क ह्यांनी एक लेख लिहिला, त्यात त्यांचं म्हणणं असं होतं की माध्यम हा फक्त माल पोचवणारा ट्रक आहे, ट्रक बदलला म्हणून खाणाऱ्याचं पोषण बदलत नाही. मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही, कारण काही गोष्टी त्या माध्यमाशिवाय दाखवताच येत नाहीत, वरचे इलेक्ट्रॉनच घ्या. पण ट्रकमध्ये काय भरलंय ते आधी बघा, एवढं त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

भूमितीचं उदाहरण सांगते, कारण तिथे हे फार स्वच्छ दिसतं. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश. फळ्यावर मी एक त्रिकोण काढते, फार तर तीन काढते, आणि मुलं माझ्यावर विश्वास ठेवून वहीत लिहितात. जिओजेब्रा ह्या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये मूल एक शिरोबिंदू पकडतं आणि ओढत सुटतं, हजार त्रिकोण होतात आणि बेरीज काही हलत नाही. भारी आहे हे. पण सरळ तिथूनच सुरू केलं तर मुलांना वाटतं की कॉम्प्युटर सांगतोय म्हणून १८०. म्हणून आधी प्रत्येकाने हाताने त्रिकोण काढायचा, कोनमापकाने मोजायचं, बेरजा येतात १७८, १८१, १८३, आणि त्यावर दहा मिनिटं बोलायचं की बरोबर कोणाचं. मग स्क्रीन. आणि स्क्रीनवर प्रश्न असा द्यायचा की बेरीज १८० येणार नाही असा त्रिकोण करून दाखवा बरं. मुलं जीव तोडून प्रयत्न करतात. एकदा एका मुलीने खरंच हात वर केला, बाई माझी १८०.०१ आली! तिन्ही कोनांचे दशांश गोल करून दाखवल्यामुळे तसं होतं, आणि मला वाटतं त्या एका प्रश्नातून त्या दिवशी वर्ग जेवढं शिकला तेवढं ठरवून शिकवलं नसतं. शेवटी स्क्रीन बंद करून वरच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेघ काढायची आणि का ते सिद्ध करायचं, कारण हजार त्रिकोण बघितले तरी ती सिद्धता होत नाही. ही सिद्धतेची पायरी टाचणात लिहिलेली नसेल तर घंटा वाजेपर्यंत मुलं त्रिकोणच ओढत बसतात आणि धडा झाला असं आपण धरून चालतो.

कोडिंगचं, म्हणजे कॉम्प्युटरला सूचना लिहून देण्याचं, पण तसंच आहे. आता सगळीकडे कोडिंग हवं म्हणतात, आणि वेगळा तास देतात, वेगळे शिक्षक देतात. पण १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोगो ही भाषा केली, नंतर तिच्यात सूचनेप्रमाणे चालून रेघ काढणारं ते कासव आलं, त्याच्यामागे वेगळा विषय काढायचा हेतू नव्हता, मुलांनी गणिताशी खेळावं हा हेतू होता. आज तेच स्क्रॅच ह्या मुलांसाठीच्या कोडिंगच्या भाषेत करता येतं. सहावीच्या मुलांना समभुज त्रिकोण काढायला सांगा. कोन ६० अंशाचा हे त्यांना पाठ असतं, म्हणून ती पुढे जा, ६० अंश वळ, असं तीनदा लिहितात, आणि स्क्रीनवर त्रिकोण होतच नाही, अर्धा षट्कोन होऊन उघडाच राहतो. मग मी सांगते उठा, आणि जमिनीवर चालून बघा, तुम्ही स्वतः किती वळताय. मूल चालतं, कोपऱ्यावर थांबतं, वळतं आणि त्याला कळतं की आपण आतला कोन वळत नाहीये, बाहेरचा वळतोय, म्हणजे १२०. बाह्यकोन ही गोष्ट मी एरवी व्याख्या लिहून देऊन शिकवायचे. आता ती गोष्ट मुलाच्या पायांना कळलेली असते. पण हे जमायला कोडिंगचा तास आणि गणिताचा तास ह्यांनी एकमेकांशी बोललं पाहिजे ना, आणि तेच होत नाही.

इथे खरं तर अभ्यासक्रमाचा प्रश्न आहे, एकट्या शिक्षकाचा नाही. संगणकाच्या पुस्तकात स्प्रेडशीट येतं आठवीला आणि मला विज्ञानात तापमानाच्या नोंदींचा आलेख हवा असतो सहावीला. भाषेच्या बाई सादरीकरण करायला सांगतात सातवीत आणि स्लाइड कशी करायची ते मुलांना शिकवलं जातं त्याच्या पुढच्या सत्रात. वार्षिक नियोजन प्रत्येक विषयाचं वेगवेगळं होतं, प्रत्येक जण आपापली वही भरतो, कोणीच सगळ्या वह्या एका टेबलावर ठेवून बघत नाही. एका मोठ्या कागदावर वरती महिने आणि बाजूला विषय लिहा, आणि कुठल्या महिन्यात कुठल्या विषयाला कुठलं साधन लागतं ते भरा, एका दुपारी होणारं काम आहे. मी आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनी ते केलं तेव्हा दिसलं की एकाच वर्गाला वर्षभरात नऊ वेगवेगळी ॲप्स शिकायला लावत होतो आम्ही. नऊ! प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, बटणं वेगळी. आम्ही ती चारवर आणली आणि तीच तीन वर्षं वापरायची असं ठरवलं.

त्यातूनच एक नियम आम्ही स्वतःला घालून घेतला की नवीन साधन शिकवायचं ते जुन्या, येत असलेल्या घटकावर, आणि नवीन घटक शिकवायचा तो जुन्या, हात बसलेल्या साधनावर. दोन्ही एकाच दिवशी नवीन असतील तर मुलाच्या डोक्यावर एवढा भार येतो की दोन्हीपैकी काहीच आत जात नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर ह्यांनी १९८८ पासून ह्या भाराबद्दल लिहिलंय, पण वर्गात उभं राहणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला हे अनुभवाने माहीत असतं. स्प्रेडशीट पहिल्यांदा उघडलं त्या दिवशी आम्ही मुलांच्या ओळखीचेच पाढे भरले त्यात, दुसरं काही नाही. तापमानाचा आलेख पुढच्या आठवड्यात, आणि तोसुद्धा आधी पाच दिवसांचा हाताने आलेखकागदावर आणि मग तीस दिवसांचा स्क्रीनवर. हाताने काढलेला असल्यामुळे मुलांना लगेच दिसलं की कॉम्प्युटरने उभा अक्ष शून्यापासून न घेता मधूनच सुरू केलाय आणि दोन अंशांचा फरक डोंगरासारखा दिसतोय. हे ज्याला दिसलं तो पुढे जाहिरातीतले आणि बातम्यांतले आलेख पण नीट बघेल अशी मला आशा आहे.

इंटरनेटवर शोधणं, हा तर मला सगळ्यात दुर्लक्षित भाग वाटतो. प्रकल्प दिला की मुलं पहिली लिंक उघडतात आणि उतरवून आणतात, आणि आपण त्यांना रागावतो, पण शोधायचं कसं हे कुठल्या तासाला शिकवलं आपण? स्टॅनफर्डचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू ह्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला, त्यात १० इतिहासकार, १० व्यावसायिक फॅक्ट चेकर, म्हणजे माहिती खरी की खोटी ते तपासणारे, आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी घेतले होते आणि त्यांना वेबसाइट तपासायला दिल्या होत्या. विद्यार्थी आणि इतिहासकारसुद्धा त्याच पानावर वरखाली करत बसले, लोगो बघून, पत्ता बघून फसले. फॅक्ट चेकर मात्र पटकन ते पान सोडून शेजारी नवीन टॅब उघडायचे आणि ह्या लोकांबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघायचे, आणि कमी वेळात बरोबर उत्तरापर्यंत पोचायचे. ही सवय एका तासात लागत नाही. ती इतिहासात लागली पाहिजे, विज्ञानात लागली पाहिजे, भाषेत लागली पाहिजे, दर वर्षी थोडी थोडी, म्हणजे ती अभ्यासक्रमात लिहिलेली पाहिजे, कोणा एकाच्या उत्साहावर सोडून चालणार नाही.

क्विझबद्दल दोन शब्द. मुलांना ते आवडतात, पण गुण आणि घड्याळ लावलं की पहिल्या तिघांची शर्यत होते आणि बाकीचे नुसती बटणं दाबतात. मी घड्याळ काढून टाकलं. आणि पर्याय लिहिताना चुकीचे पर्याय जास्त विचार करून लिहायला लागले. ०.४५ मोठं की ०.६ असं विचारलं तर बरीच मुलं ०.४५ म्हणतात कारण ४५ हे ६ पेक्षा मोठं. म्हणजे कुठला चुकीचा पर्याय किती जणांनी घेतला ह्यावरून मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळतं आणि दुसऱ्या दिवशीचा तास तिथूनच सुरू होतो. हे हात वर करायला लावून कळत नाही, मुलं शेजारच्याचं बघून हात वर करतात. रोडिगर आणि कार्पिकी ह्या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात असं दिसलं होतं की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर ज्यांनी न बघता आठवायचा सराव केला होता त्यांना जास्त आठवलं. त्यामुळे मी मागच्या आठवड्याचे तीन प्रश्न दर सोमवारी विचारते, गुण नाहीत, कोणाला सांगायचं नाही. त्याला टॅबच हवा असं पण नाही, कागदाच्या चिठ्ठ्यांवरही होतं, फक्त टॅबवर मोजणी पटकन होते.

आणि काही गोष्टी स्क्रीनवर नेऊच नयेत ह्या मताची मी आहे. मोठा उतारा समजून घेत वाचणं त्यातली पहिली. २०१८ मध्ये डेलगाडो ह्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी ५४ अभ्यास एकत्र करून बघितले, एकूण १,७०,००० पेक्षा जास्त वाचक, आणि माहितीपर मजकूर कागदावर वाचला तर जास्त समजतो असं निघालं, वेळेचं बंधन असेल तर फरक आणखी वाढतो. त्यामुळे टॅब आले म्हणून पाठ्यपुस्तक कपाटात टाकू नका. उताऱ्यातला एखादा शब्द ऐकायचा असेल, नकाशा मोठा करून बघायचा असेल तर टॅब, वाचायला पुस्तक. ज्या मुलांना कमी दिसतं किंवा वाचताना अक्षरं गोंधळतात त्यांच्यासाठी मात्र उलट आहे, अक्षर मोठं करता येणं, मजकूर ऐकता येणं, व्हिडिओखाली मजकूर दिसणं, हे त्यांच्यासाठी वर्गात येण्याचं दारच आहे. आलेखातल्या रेघा फक्त लाल आणि हिरव्या ठेवू नका, काही मुलांना त्या वेगळ्या दिसत नाहीत, एक तुटक रेघ करा. ह्या गोष्टी टाचण लिहितानाच सुचल्या तर सुचतात, तास सुरू झाल्यावर नाही.

वीज जाते, नेट जातं, अपडेट मधेच सुरू होतं. हे होणारच. म्हणून माझ्या टाचणाच्या वहीत आता उजवीकडे एक बारीक रकाना असतो, बंद पडलं तर काय. त्यात एकच ओळ असते पण ती असल्यामुळे तास वाया जात नाही. घरचा अभ्यास तर नेटशिवाय होईल असाच द्यायला हवा. २०२० मध्ये जगभरात १९० हून जास्त देशांत शाळा बंद झाल्या आणि सुमारे १६० कोटी विद्यार्थी घरी बसले, तेव्हा एका घरात एकच फोन आणि तीन मुलं, आणि तो फोनही आई किंवा वडील कामावर घेऊन गेलेले, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. ते इतक्या लवकर विसरून कसं चालेल?

एआयचं पण आता सगळे विचारतात. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हापासून स्टाफरूममध्ये दुसरा विषय नसतो. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात वर्गात वापरायला किमान वय १३ असावं असं सुचवलंय, म्हणजे माझ्या सहावीच्या वर्गाचा प्रश्न तूर्त मिटतो. पण आम्ही शिक्षक टाचण काढायला ते वापरतोय, मी पण वापरून बघितलं. एका मिनिटात नीटनेटकं टाचण येतं, उद्दिष्टं, कृती, मूल्यमापन सगळं जागच्या जागी. पण माझ्या वर्गातल्या कोणाला अपूर्णांक अजून जमत नाहीत, कोणाला मागच्या वर्षीची भीती आहे, हे त्याला माहीत नसतं, आणि टाचण लिहिताना जो विचार होतो तोच तर खरा उपयोगी असतो, तो झालाच नाही तर ते टाचण वर्गात उभं राहत नाही. सरावाची वीस उदाहरणं काढून घ्यायला ते चांगलं आहे, तपासून घ्यावी लागतात, तेवढंच.

आता मुख्य मुद्द्यावर येते, वेळ. प्रत्येक मुलाला लॅपटॉप हा कार्यक्रम २००५ मध्ये जाहीर झाला तेव्हा जगभर केवढी आशा होती. पेरू देशाने तो मोठ्या प्रमाणावर राबवला, ग्रामीण शाळांमध्ये दर विद्यार्थ्यामागे कॉम्प्युटरचं प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेलं, आणि २०१२ मध्ये मूल्यमापनाचे निकाल आले तर गणितात आणि भाषेत काहीच फरक दिसला नाही. मशीन पोचलं होतं. रोजच्या तासात त्याचं काय करायचं ते शिक्षकापर्यंत पोचलं नव्हतं. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर ह्या शिक्षणाच्या अभ्यासकांनी २००६ मध्येच हे मांडलं होतं की विषय येणं, शिकवता येणं आणि साधन वापरता येणं ह्या तीन सुट्या गोष्टी नाहीत, त्या जिथे एकत्र येतात तिथे चांगला पाठ होतो. आपली ट्रेनिंग मात्र तिसऱ्या गोष्टीचीच असतात. एक दिवस जायचं, हॉलमध्ये बसायचं, कुठलं बटण कुठे आहे ते बघायचं, सही करायची, परत यायचं. गणिताचे, भाषेचे, चित्रकलेचे सगळे एकाच हॉलमध्ये. मला त्याऐवजी असं ट्रेनिंग हवंय की जिथून निघताना माझ्या हातात माझ्याच वर्गाचा, पुढच्याच आठवड्याचा एक पूर्ण लिहिलेला पाठ असेल, आणि महिन्याभराने तिथेच परत बोलावून विचारतील की तो कसा गेला.

जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून मुलांकडे बघतात, शिक्षकाकडे नाही, आणि नंतर बसून पाठ दुरुस्त करतात. ही पद्धत तिथे शंभराहून जास्त वर्षं चालू आहे. आम्ही तिघींनी वर्षातून दोनदा एवढं केलं, ऑफ तास जुळवून, आणि तो ऑफ तास पण बऱ्याचदा बदली तासात, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या जागी वर्ग घेण्यात, जायचा, तेव्हा शाळा सुटल्यावर थांबून. सिम्युलेशन चालू असताना मागच्या बाकावरची मुलं नुसती माऊसवाल्याकडे बघत बसतात हे मला माझ्या सहकारी बाईंनी सांगितलं तेव्हा कळलं, पुढे उभं राहून मला ते कधीच दिसलं नव्हतं. मग आम्ही ठरवलं की माऊस एकाच्या हातात, आणि काय करायचं ते सांगणार दुसरा, चार मिनिटांनी अदलाबदल. एवढ्याशा बदलाने अख्खा तास वेगळा झाला.

म्हणून शाळा चालवणाऱ्यांना आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पुढच्या वेळी मशीनची ऑर्डर देताना त्याच कागदावर वेळापत्रकातला आठवड्याचा एक तास पण लिहा, त्या वर्गाला शिकवणाऱ्या सगळ्या शिक्षकांचा एकत्र बसून पाठ लिहायचा तास, जो बदली तासात जाणार नाही, ज्यात दुसरी माहिती भरायला लावणार नाहीत. आणि संपादक महोदय, तुम्हालाही एक विनंती आहे. स्मार्ट बोर्डच्या उद्घाटनाचा फोटो छापता तेवढ्याच जागेत आठवड्याला एक पाठ छापा. कुठल्यातरी शिक्षकाने लिहिलेला, किती मिनिटं स्क्रीन, किती मिनिटं वही, मुलांना कुठला प्रश्न विचारला आणि काय फसलं, सगळं तसंच्या तसं. पहिला पाठ मी पाठवते, विद्युत परिपथाचा, दोन्ही वर्षांचा, म्हणजे पहिल्या वर्षी कुठे चुकलं ते पण वाचणाऱ्याला दिसेल. बल्बच्या बुडाचं चित्र हाताने काढून सोबत जोडते.

आपली,
गणित-विज्ञानाची एक शिक्षिका